बेंबीभोवतीची कळ अंगावर काढू नका

आपल्याकडं, सातारा-सांगलीत, पोटात कळ आली की 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळतात, वर एरंडेल पाजतात. सुजलेल्या अपेंडिक्सला हे दोन्ही घातक; ते फुटू शकतं.

दुखणं बहुतेकदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडं खाली उतरतं. भूक मरते, मळमळतं, बारीक ताप येतो. खोकलं किंवा गाडी स्पीडब्रेकरवर आदळली की तिथंच कळ मारते. (लहान मुलांत, गरोदरपणात लक्षणं वेगळीही असतात.) अशा वेळी सकाळ व्हायची वाट बघू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, १०८ ला फोन लावा, सिव्हिल गाठा. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं. शस्त्रक्रियेची इतकी जुनी परंपरा दाराशी असताना घरी कण्हत कशाला पडायचं?

आणि दुखायचं एकाएकी थांबलं तरी वाटेतून माघारी फिरू नका. अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ असंच बरं वाटतं.