अमेरिकन फुटबॉल : महाविद्यालयीन व व्यावसायिक नियम

अमेरिकेत हा खेळ दोन स्वतंत्र नियमावल्यांनुसार खेळला जातो. महाविद्यालयीन सामन्यात झेल घेताना एक पाय हद्दीत टेकला तरी पुरतो. व्यावसायिक सामन्यात दोन्ही टेकावे लागतात. बरोबरी झाल्यास महाविद्यालयीन संघांना पहिल्या दोन जादा फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांच्या (२२·८६ मी.) रेषेपासून आळीपाळीने चढाई करता येते, व्यावसायिक सामन्यात जादा वेळ घड्याळानुसार खेळवितात.

सर्वांत महत्त्वाचा भेद पडलेल्या खेळाडूविषयीचा आहे. चेंडू घेऊन धावणारा घसरून पडल्यास महाविद्यालयीन नियमानुसार खेळ तेथेच थांबतो. व्यावसायिक नियमानुसार प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श होईपर्यंत त्याला उठून धावता येते. त्यामुळे चुरस वाढते. परंतु पडलेल्यावर झेप घेण्यास कारणही मिळते.

अलीकडे दोन्ही नियमावल्या परस्परांच्या जवळ येत आहेत. दहा यार्डांची मजल पुरी होताच घड्याळ थांबविण्याची पद्धत २०२३ मध्ये वरिष्ठ महाविद्यालयीन गटांत प्रत्येक अर्धाच्या अखेरच्या दोन मिनिटांपुरतीच राहिली. २०२४ मध्ये व्यावसायिक खेळातील दोन मिनिटे उरल्यावरचा विरामही स्वीकारला गेला. मात्र पडलेल्या खेळाडूविषयीचा नियम एकरूप करावयाचा झाल्यास व्यावसायिक खेळाने महाविद्यालयीन नियम स्वीकारणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक इष्ट होय.