हेल्मेट का थडथडते?

‘बुलेटला काढता-घालता येणारी विंडशील्ड बसवली. छातीवरचा वारा गेला, पण आता हेल्मेट थडथडते. नट पुन्हापुन्हा आवळून पाहिले. बसवण्यात काही चुकले का?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

नट आवळून हे थांबणार नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये कार्ल हिमेंत्स हा संशोधक विद्यार्थी अशाच पेचात सापडला होता. पाण्याच्या प्रवाहात दंडगोल ठेवून त्यावरचा दाब मोजायचा, हे त्याचे प्राध्यापक लुडविग प्रांटल यांनी त्याला दिलेले काम. प्रवाह काही केल्या स्थिर होईना. दंडगोल पुरेसा गोल नसेल, असे प्रांटल म्हणाले. हिमेंत्सने तो आणखी गोल केला. ‘प्रवाह स्थिरावला का?’ असे तिथलेच संशोधक थिओडोर फॉन कारमान रोज विचारत आणि उत्तर रोज नकाराचेच येई. अखेर कारमान यांना उमगले, की दोष दंडगोलात नाहीच. पुरात पुलाच्या खांबामागे दिसतात तसे भोवरे अडथळ्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने सुटणारच. १९११मध्ये त्यांनी त्याचे गणित मांडले आणि त्या भोवऱ्यांना त्यांचे नाव मिळाले. फ्रान्सच्या आंरी बेनार यांनी मात्र भोवऱ्यांची ही दुहेरी रांग १९०८मध्येच प्रयोगात टिपली होती. कारमान यांच्याबरोबर त्यांचेही नाव घ्यायलाच हवे.

आता बुलेटकडे वळू. वेग ताशी ६० किलोमीटरवरून ९०वर गेला, की वाऱ्याचा रेटा सव्वादोन पट होतो. विंडशील्ड तो छातीवरून हटवते, नाहीसा करत नाही. काचेच्या कडेवर हवा फाटते, काचेमागे दाब घटतो आणि भोवरे सुटतात. अर्धा मीटर रुंद काच आणि ताशी ९० किलोमीटर वेग धरला, तर ढोबळ हिशेबाने सेकंदाला सात-आठ हेलकावे होतात. हेल्मेट नेमके त्या फाटलेल्या हवेत असते.

‘उंच काच घ्या, वारा विसरा’ अशा जाहिरातींवर विसंबू नका. काच फोर्कला बसवलेली असेल, तर तिच्यावरचा वारा थेट हँडलला ढकलतो. काच जितकी मोठी, तितका हा रेटा जास्त. रात्री पावसात पाणी ओघळणाऱ्या काचेतून रस्ता पाहणे तर धोक्याचेच. म्हणून वरची कड साधारण नाकाच्या रेषेत ठेवा, नजर काचेवरून जाऊ द्या. खाली थोडी फट सोडली, तर आत शिरणारी हवा मागचा कमी दाब भरून काढते. थडथड बहुधा घटते.

काढता येणाऱ्या काचेचा मोठा फायदा म्हणजे प्रयोग करता येतो. त्याच मोकळ्या रस्त्यावर, त्याच वेगाने, एकदा काच लावून आणि एकदा काढून गाडी चालवा. काच काढल्यावर हेल्मेट शांत राहिले, तर उंच नव्हे, आखूड काच घ्या: छातीला आडोसा आणि डोक्याला सलग वाहणारा वारा.