विलक्षण सायकली आणि शनिवारातले बघे

शनिवार पेठेच्या बोळांतून सुऱ्या-कात्र्यांना धार लावीत हिंडणाऱ्या कारागिराची सायकल ही, यंत्ररचनेच्या दृष्टीने पाहू गेल्यास, पुण्यातील अत्यंत विलक्षण वाहनांपैकी एक होय. स्टँडवर चढविताच ती वाहन म्हणून थांबते. मागच्या चाकावरून घेतलेला पट्टा पुढे दांडीवर बसविलेले धारेचे दगडी चाक गरगर फिरवू लागतो, मालक सीटवर बसल्या जागी पायडल मारीत राहतो, आणि विळीचे पाते दगडाला टेकले की ठिणग्यांचा एक बारीक फवारा त्याच्या गुडघ्यावरून खाली उतरतो. मेहुणपुऱ्यातील गृहिणी त्या फवाऱ्याकडे नव्हे, तर पात्याच्या धारेकडे पाहते, पैशांची घासाघीस करते आणि आत जाते; या सायकलीचे तिला यत्किंचितही नवल वाटत नाही.

याच बोळातून एखादा तरुण ‘रिकंबंट’ जातीच्या, म्हणजे आरामखुर्चीत रेलावे तसे रेलून, पाय पुढे पसरून चालवावयाच्या सायकलीवरून गेला, की मात्र पानपट्टीपासून पुस्तकांच्या दुकानापर्यंत सर्व व्यवहार क्षणभर तहकूब होतात. सिग्नलला तो थांबला, की शेजारचा स्कूटरस्वार हेल्मेटची काच वर करून पहिला प्रश्न टाकतो, ‘कितीला पडली?’ दुसरा, ‘मोटार कुठे बसवलीय?’ तिसरा प्रश्न हा प्रश्न नसून निकाल असतो : ‘पण चढावर काय करणार?’ (वास्तविक ही शंका रास्त आहे, पायडलवर उभे राहून अंगाचा भार टाकण्याची सोय या सायकलीत नसल्यामुळे चढ हीच तिची दुखरी बाजू असते. पुणेकर थट्टा करतो, ती अभ्यासपूर्वक करतो.)

धारवाल्याला माफ असलेला विलक्षणपणा या तरुणाला का माफ नाही, याची मीमांसा करू गेल्यास मला असे वाटते, की आपल्या लोकांनी विचित्र सायकलीचे दोनच दस्तूर मान्य केले आहेत : एक पोटापाण्याचा, दुसरा सर्कशीचा. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली आणि त्यानंतर सांगली-म्हैसाळच्या परिसरातून मराठी सर्कशींची एक परंपराच निर्माण झाली. एका चाकाची सायकल, सुटे होत जाणारे भाग टाकीत धावणारी सायकल, विदूषकाची वीतभर सायकल, यांचे प्रथम दर्शन पिढ्यान्‌पिढ्या तंबूतच घडले. १९०२ साली पुण्यात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघसिंहांचे शिक्षक म्हणून जगद्विख्यात झालेले दामू धोत्रे हेही हिंस्र पशूंकडे वळण्यापूर्वी सायकलीच्या कसरती करीत असत. तंबू उठल्यावरही ती विद्या रस्त्यावर राहिली. गावोगावच्या चौकांत अहोरात्र सायकल चालविण्याचे खेळ होत. खेळाडू सायकलीवरच दाढी करी, डोक्यावर बादली ओतून स्नान करी, जमिनीवरची नोट दातांनी उचली, आणि खूष झालेले लोक त्याच्या सदऱ्यावर टाचणीने नोटा लावीत. ज्यांचे डोळे या तालमीत तयार झाले, त्यांना रेलून चाललेला इसम कोणताच खेळ न करता निमूटपणे कचेरीत निघाला आहे, हे पटावे कसे?

ज्या सायकलीला आपण ‘साधी’ म्हणतो, तिलाही एके काळी हेच भोगावे लागले, याचे मात्र विस्मरण होते. उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असल्यामुळे पायांच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई. साहजिकच वेगासाठी चाक वाढवीत नेणे प्राप्त होते, आणि ५२ इंची चाकावर एका फेऱ्यात सव्वाचार मीटरांच्या आतबाहेर अंतर तुटे. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली ‘रोव्हर’मध्ये साखळी घालून ही अडचण सोडविली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर काढला. पुढच्या वर्षी बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम तसले फुगीर टायर लावून उतरला, तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकला, आणि त्याने शर्यती जिंकल्यावर तो ओसरला. रिकंबंटची कथा मात्र याच्या नेमकी उलट आहे. शार्ल मोशे यांनी बनविलेल्या रेलून चालविण्याच्या सायकलीवर फ्रान्सिस फोर या दुय्यम समजल्या जाणाऱ्या शर्यतपटूने ७ जुलै १९३३ रोजी पॅरिस येथे तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि १९१४ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. यावर आंतरराष्ट्रीय सायकल संघाने १९३४ साली शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी बांधून दिली, की ही सायकल आपोआप बाद व्हावी. बघ्यांनी हसावे हे मी समजू शकतो; संघाने घाबरावे, हे अधिक हास्यास्पद वाटते.

पुण्यालाही सायकलीचे कायदेकानू नवे नाहीत. सायकलींचे शहर म्हणून या गावाची ख्याती होती, त्या काळी कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे, आणि रात्री दिवा नसल्यास किंवा डबलसीट आढळल्यास शिपाई दंड करी. त्या शिपायापुढे दोन सीट, दोन जोड पायडली आणि दोन स्वार असलेली जोडसायकल उभी राहिली असती, तर तिला बिल्ला एक की दोन आणि गुन्हा झाला की नाही, याचा निर्णय बहुधा वरिष्ठांकडेच गेला असता.

ही जोडसायकल पुण्यात आज एका फार गंभीर कामी येते. स्वतः दृष्टिहीन असलेले दिव्यांशु गणात्रा यांनी पुण्यात स्थापन केलेली ‘ॲडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरियर्स’ ही संस्था डोळस आणि दृष्टिहीन स्वारांना एकाच सायकलीवर बसविते. २०१६ साली गणात्रा यांनी मनालीहून खार्दुंग ला खिंडीपर्यंतचा प्रवास याच रीतीने केला. पुढचा स्वार हँडल, ब्रेक आणि गिअर सांभाळतो. दोघांचे पायडल मधल्या एका साखळीने जखडलेले असल्यामुळे एकाला थांबावयाचे तर दुसऱ्यालाही थांबावे लागते, आणि म्हणून पुढच्याला अखंड बोलत राहावे लागते : ‘खड्डा’, ‘गिअर बदलतोय’, ‘डावीकडे वळतोय’. नव्या पुलाच्या चढावर ही जोडी दिसली, की बघ्यांच्या मुद्रेवर प्रथम सर्कशीचे हसू उमटते. मागच्याला दिसत नाही हे कळताच ते मावळते आणि त्याजागी कौतुक येते. परंतु हे कौतुक बहुतेक वेळा पुढच्याच्या वाट्याला जाते, आणि ते मला मान्य नाही. मागच्याच्या उपस्थितीत, पुढच्याला उद्देशून, ‘यांना भीती नाही वाटत का?’ असे विचारणारे सज्जन आपल्याकडे विपुल आहेत.

तेव्हा वाचकांस एकच विनंती. अशी जोडी तुमच्या चौकात थांबली, तर किंमत अवश्य विचारा, चढाबद्दलची शंकाही विचारा; मात्र प्रश्न मागच्या सीटवरच्या स्वाराला करा, कारण त्या चढावर निम्मे पायडल तोच मारीत आलेला असतो.