ताऱ्यांमधली खिंड

'खिंड लढविणे' हा वाक्प्रचार मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या सैन्याला अरुंद वाटेत शिरावे लागले, की त्याचे संख्याबळ निरुपयोगी ठरते, हे त्यामागचे साधे सूत्र. पण अथांग अंतराळात खिंड कोठून येणार? तेथे ना डोंगर, ना नदी. शत्रू कोणत्याही दिशेने येऊ शकतो आणि कोणत्याही दिशेने निसटू शकतो. विज्ञानकथाकारांनी ही अडचण आंतरतारकीय द्वाराच्या कल्पनेने सोडविली.

या कल्पनेला विज्ञानाचा थोडा आधारही आहे. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये अवकाशाचे दोन भाग जोडणाऱ्या 'पुला'चे गणित मांडले. कार्ल सेगन यांना 'काँटॅक्ट' (१९८५) या कादंबरीसाठी असा मार्ग हवा होता. त्यांनी किप थॉर्न यांना विचारले आणि त्यातूनच १९८८ मध्ये थॉर्न व मायकेल मॉरिस यांचा प्रवासयोग्य कृमिविवरावरील निबंध सिद्ध झाला. असे विवर अद्याप कोठेही आढळलेले नाही. कथाकाराला मात्र एवढा आधार पुरतो.

द्वार आले की नाके आले आणि नाक्यावर पहारा आला. मग बचाव करणाराच नेहमी जिंकेल काय? याचे उत्तर तोफांवर नव्हे, तर लेखकाने द्वाराला घालून दिलेल्या नियमांवर अवलंबून असते.

पहिला नियम क्षमतेचा. डेव्हिड वेबर यांच्या ऑनर हॅरिंग्टन मालिकेत द्वारातून जितके अधिक वस्तुमान जाते, तितका अधिक काळ तो मार्ग बंद पडतो. साहजिकच सगळे आरमार एकदम पाठविता येत नाही आणि पलीकडे सज्ज असलेल्या किल्ल्यांचे काम सोपे होते.

दुसरा नियम पोहोचण्याच्या क्षणाचा. लॅरी निव्हन आणि जेरी पोर्नेल यांच्या 'द मोट इन गॉड्स आय' (१९७४) मध्ये उडी मारून आलेल्या यानातील माणसे आणि संगणक दोन्ही काही काळ भांबावलेले असतात. दबा धरून बसलेल्याला तेवढा अवधी पुरेसा असतो.

तिसरा नियम दिशेचा. 'स्टारगेट' मालिकेत प्रवास एकाच दिशेने होतो. पृथ्वीवरील द्वारावर धातूची झडप बसविलेली आहे. ती मिटलेली असताना येणारा शत्रू पलीकडे साकारच होऊ शकत नाही. परंतु शत्रूने बाहेरून द्वार जोडून ठेवले, की आतून ते उघडता येत नाही. टेलिफोन 'एंगेज' ठेवून एखाद्याची कोंडी करावी, तसाच हा प्रकार. संरक्षणाचे साधन अशा वेळी वेढ्याचे साधन बनते.

पण लढाई जिंकली म्हणजे प्रश्न संपला, असे नाही. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या व्होरकोसिगन मालिकेत बॅरायार या ग्रहाची वाट कोमार या ग्रहावरून जाते. कोमारने स्वतःच्या लाभासाठी आक्रमकांना ती वाट मोकळी करून दिली. पुढे बॅरायारने कोमारच जिंकून घेतला आणि एका बंडखोर प्रजेचे ओझे पत्करले. नाक्यावर बसणाऱ्याला तटस्थ राहता येत नाही. जकातीबरोबर जबाबदारीही येते.

याहून अवघड पेच 'मोट'च्या कथेत आहे. तेथील बुद्धिमान जीव सतत प्रजनन केल्याशिवाय जगूच शकत नाहीत. ते बाहेर पडले तर मानवजातीला जागा उरणार नाही, या भीतीने त्यांच्या एकमेव वाटेवर कायमची नाकेबंदी केली जाते. लष्करी दृष्टीने हा निर्णय चोख आहे. नैतिक दृष्टीने मात्र तो एका संपूर्ण जमातीला दिलेला तुरुंगवास आहे. शिवाय ती नाकेबंदीही चिरकाल टिकत नाही. १९९३ च्या उत्तरार्धात, 'द ग्रिपिंग हँड'मध्ये, एक नवा तारा पेटतो आणि दुसरी वाट उघडते.

द्वारांच्या कथा रचू पाहणाऱ्यांनी म्हणूनच युद्धाआधी नियम ठरवावेत आणि ते मध्येच बदलू नयेत. त्याहून महत्त्वाचा प्रश्न दार लावल्यानंतरचा आहे. पहारा किती पिढ्या द्यायचा आणि आत कोंडलेल्यांशी बोलायचे कोणी, याचे उत्तर कोणत्याही तोफेजवळ नसते.