बर्फाचा सापळा, शिलारसाची भिंत

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकी बंधूंच्या ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ या 2006 मध्ये प्रथम खुल्या झालेल्या संगणकीय खेळात डोंगर कोरून बुटक्यांचा किल्ला वसवायचा असतो, आणि त्याच्या रक्षणासाठी मुरलेले खेळाडू शस्त्रांइतकीच भिस्त पाण्यावर व शिलारसावर, म्हणजे भूगर्भातील वितळलेल्या खडकावर, ठेवतात.

खेळातील प्रत्येक चौकोनाला स्वतःचे तापमान असते. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात उघड्यावर आलेले पाणी गोठते, मात्र जमिनीखालचे द्रवरूपच राहते. हिमसापळा उभा आहे तो या फरकावर. प्रवेशमार्गाचा उघडा भाग खोलगट ठेवायचा आणि शत्रू तेथे पोचताच खटका ओढून भूमिगत टाकीचे दार उघडायचे, की पाण्याचा क्षणात बर्फ होऊन त्यात सापडलेला जीव जागीच मरतो. निसर्गात 0 अंश सेल्सिअसच्या एक किलो पाण्याला गोठताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागते. तापमान न बदलता केवळ अवस्था बदलताना निघणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात, आणि हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने ती निघून जाण्यास बराच काळ लागतो. खेळ हा काळ हिशेबात धरत नाही, आणि सापळ्याची सारी ताकद या गाळलेल्या काळातच आहे.

शिलारसाचे तापमान खेळात सुमारे 1,100 अंश सेल्सिअस, म्हणजे खऱ्या बेसाल्टी लाव्ह्याच्या जवळपास, ठेवलेले आहे. म्हणून लाकडी दार जळते, पण 1,538 अंशांना वितळणारे लोखंड टिकते, ही बाब विशेष दाद देण्याजोगी आहे. शिलारसावर पाणी पडताच मात्र तेथे ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखी काचेची, सलग भिंत उभी राहते. प्रत्यक्षात ऑब्सिडियन बहुधा सिलिकाने समृद्ध असा घट्ट लाव्हा स्फटिक तयार होण्याआधी थिजल्यास बनते; बेसाल्टी लाव्ह्यावर पाण्याने काचेचा पातळ थर तेवढा येतो आणि आतला भाग दीर्घकाळ तप्त राहतो.

तरीही पाण्याने लाव्हा अडवण्याची कल्पना अशक्य कोटीतील नाही. आइसलँडच्या हैमाए बेटावर 23 जानेवारी 1973 रोजी उद्रेक सुरू झाल्यावर बंदराचे तोंड बुजू नये म्हणून पुढे सरकणाऱ्या लाव्ह्यावर पंपांनी सुमारे 60 लाख घनमीटर समुद्राचे पाणी मारण्यात आले, आणि बंदर वाचले. त्या कामासाठी धुमसत्या लाव्ह्याच्या पाठीवर प्लास्टिकचे पाइपही अंथरले होते, आणि आतून गार पाणी वाहत असेपर्यंत ते वितळत नव्हते.