गवताचेही बी राखावे लागते



दर उन्हाळ्यात मंडळ्यांतून डोंगरवस्त्यांसाठी कडब्याची मदत येते. यंदा त्यासोबत गवताच्या बियाण्याचाही विचार व्हावा, अशी विनंती आहे. गवताला बियाणे कशाला, असे काहींनी विचारले म्हणून हे लिहीत आहे.

राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याच्या डोंगरांत गवळी धनगरांच्या वस्त्या आहेत. (सरकारी यादीत हा समाज भटक्या जमातींत मोडतो, पण वनात राहण्याचे हाल तेच.) त्यांचा संसार म्हशींवर चालतो. पावसाळ्यात चारा अमाप, मे महिन्यात गंजी संपली की दुभती म्हैस विकायची पाळी येते. पायथ्याला उसाचे वाडे मिळते, पण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या वाड्यावर जनावर पोसत नाही.

शेडा, पवना, मारवेल ही जनावरांची आवडती गवते. आवडती म्हणूनच बी धरण्याआधी चरली जातात. उरते ती टोचणारी कुसळी, आणि मोकळ्या जागी शिरते रानमोडी, जिला म्हैस तोंड लावत नाही.

सुधारित चारा लावावाच. राहुरी विद्यापीठाचे ‘फुले जयवंत’ उत्तम, पण त्याला पाणी लागते. कोरडवाहू बांधावर स्टायलो बरा. तो शेंगवर्गीय असल्याने जमिनीला नत्र देतो आणि चाऱ्यात प्रथिने वाढवतो. मात्र एकाच जातीवर विसंबू नये. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात टाऊन्सविल स्टायलोवर मोठी कुरणे उभी होती. 1970 च्या दशकात करपा रोग आला आणि ती बसली. दक्षिण अमेरिकेतून गोळा केलेले इतर स्टायलोंचे बी हाती होते, म्हणून सेका, व्हेरानो या जाती पुढे आणता आल्या. आपल्याकडे असे बी जपण्याचे काम झाशीची भारतीय गवत व चारा संशोधन संस्था (स्थापना 1962) करते. तिचे धारवाडचे केंद्र आपल्याला जवळ आहे.

योसेफाने मिसरात धान्य दिले हे सर्वांना आठवते. त्याने पेरायला बीही दिले, हे उत्पत्तीच्या 47 व्या अध्यायात आहे.

वस्तीवरचे काम अवघड नाही. आपल्या मालकीच्या रानात कापणीवेळी शेडा-मारवेलचा एक पट्टा बी पिकेपर्यंत राखायचा, बी झटकून वाळवायचे आणि मृगाच्या तोंडावर मोकळ्या जागी फोकायचे. अडचण एकच आहे. बी पिकेपर्यंत ते गवत निबर होते, म्हणजे कुटुंबाचा तेवढा चांगला चारा जातो. ज्यांच्याकडे आधीच कमी आहे त्यांना हे कसे सांगावे? म्हणून राखलेल्या पट्ट्याच्या बदल्यात तेवढा कडबा आपण द्यावा, एवढेच मागणे आहे.