कात टाकून गेलेला शेजारी

बागेत सापडलेली कात ही आसपास राहणाऱ्या सापाची सर्वांत खात्रीची खूण असते. साप स्वतः क्वचितच दिसतो. दिसला तरी क्षणभरच दिसतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या आठवणीत तो हमखास दोन हात लांब होतो. कात मात्र जागची हलत नाही. ती हातात घेऊन उजेडात पाहता येते, मोजता येते, आणि नीट पाहिली तर साप कोणत्या जातीचा, साधारण किती लांब आणि कोणत्या दिशेला गेला हे तिच्यावरून कळते.

खेड तालुक्यातल्या निघोजेसारख्या गावात अशी कात सापडणे मुळीच नवलाचे नाही. देहूहून आळंदीकडे वाहणाऱ्या इंद्रायणीच्या काठचे हे गाव. चाकण औद्योगिक वसाहत वाढत गेली तशी निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांची शिवारे कारखान्यांखाली गेली. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, त्यामागोमाग महिंद्राचा आला. शेताच्या बांधांवर कंपाउंडच्या भिंती चढल्या, कामगारांसाठी खोल्या झाल्या, बंगले झाले आणि बंगल्यांपुढे बागा झाल्या. पण शेत गेले म्हणून शेतातले साप गेले नाहीत. मधेमधे पडीक प्लॉट राहिले, ओढे राहिले, नदीकाठचे गवत राहिले. शिवाय लाकडी पॅलेटचे ढीग, भंगार, विटा आणि मेसचे खरकटे ही नवी भर पडली. जिथे खरकटे तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे साप. कुंड्यांच्या मागे कात दिसली की घरच्यांचा पहिला संशय शेजारच्या रानमाजलेल्या प्लॉटवर जातो. तो अर्धाच खरा असतो, कारण तिथे लपणारा साप जेवायला बहुतेकदा आपल्याच आवारात येत असतो.

सापाच्या कातडीचा सर्वांत बाहेरचा थर मृत असतो. आपल्या नखांमध्ये असते तेच केराटिन त्यात असते. हा थर शरीराबरोबर वाढत नाही आणि झिजतही जातो, म्हणून तो ठरावीक काळाने टाकावा लागतो. वाढत्या वयाची पिल्ले वारंवार कात टाकतात, प्रौढ साप वर्षातून काही वेळाच. कात टाकण्याआधी जुन्या आणि नव्या थरांमध्ये द्रव साचतो. त्यामुळे सापाचा रंग मळकट होतो आणि डोळे दुधाळ निळसर दिसू लागतात. या दिवसांत त्याला धड दिसत नाही, तो खात नाही आणि आडोशाला पडून राहतो. अशा वेळी त्याला डिवचले तर तो एरवीपेक्षा लवकर चावू शकतो. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की काही दिवसांत तो ओठ खरखरीत दगडावर, विटेवर किंवा झुडपाच्या बुंध्यावर घासतो. ओठापाशी कात सुटते, कुठेतरी अडकते, आणि साप पुढे सरकत तिच्यातून बाहेर पडतो. पायातून काढलेल्या मोज्यासारखी कात उलटी होत जाते. म्हणूनच ती खडबडीत जागी सापडते: विटांच्या ढिगात, कुंपणाच्या मुळाशी, नळाखालच्या दगडांत.

कात उलटी होते, यातच दिशेचा पत्ता असतो. कातीचे डोके सुरुवातीच्या जागी अडकून राहते आणि शेपटीचे टोक साप ज्या दिशेला गेला त्या दिशेला असते. अर्थात, वाऱ्याने किंवा मांजराने ती हलवलेली नसेल तरच. मऊ, दमट, सहज वाकणारी कात ताजी असते. कडक होऊन चुरा होणारी जुनी. लांबी मोजताना मात्र जपावे लागते. सुटताना कात ताणली जाते, त्यामुळे साप तिच्यापेक्षा आखूड असतो. पाच फुटांची कात दिसली म्हणजे पाच फुटांचा साप नव्हे.

कातीला हात लावला तर विष चढते ही समजूत खोटी आहे. विष सापाच्या डोक्यातल्या ग्रंथींत असते, कातडीत नव्हे. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतले की पुरे. त्याआधी ढिगाखाली खुद्द साप बसलेला नाही ना, याची खात्री करावी आणि कात काठीने ओढून मोकळ्या जागी घ्यावी. मग ती कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून पांढऱ्या कागदावर पसरली की खवले स्पष्ट दिसतात.

रंगावर विसंबता येत नाही. बहुतेक रंगद्रव्य खालच्या थरात राहते, म्हणून काळ्याभोर मण्यारीची आणि पिवळसर धामणीची कातही फिकी, अर्धपारदर्शकच दिसते. कधी पट्ट्यांचा पुसट माग राहतो इतकेच. खरी ओळख खवल्यांची. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगावर खवल्यांच्या जेवढ्या ओळी असतात, तेवढ्याच मरेपर्यंत राहतात. साप वाढतो तसे खवले मोठे होतात, त्यांची संख्या वाढत नाही.

पहिल्यांदा डोके पाहावे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही सुटतो, म्हणून चांगल्या कातीत डोळ्यांच्या जागी दोन गोल भिंगे दिसतात. डोक्यावर मोठ्या, एकमेकांना जुळवून बसवल्यासारख्या ढालींऐवजी अगदी बारीक खवलेच खवले असतील, तर कात घोणस किंवा फुरशाची असण्याचा संभव मोठा. या दोघांच्या अंगावरच्या खवल्यांना मधोमध उभी धार असते. उलट्या कातीत ती धार खाचेसारखी दिसते. घोणशीच्या अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या सत्तावीस ते तेहतीस ओळी भरतात आणि कात चांगली जाड असते. फुरसे लहान, बहुधा दीड-दोन फुटांचे. बारीक खवले मांडूळ आणि डुरक्या घोणस या बिनविषारी सापांच्या डोक्यावरही असतात, पण त्यांचे पोटाखालचे खवले अरुंद असतात. घोणस-फुरशाचे खवले मात्र पोटाची सगळी रुंदी व्यापतात. पाण्याजवळच्या दिवडाच्या खवल्यांनाही धार असते, पण त्याच्या डोक्यावर मोठ्या ढाली असतात आणि अंगाच्या मध्यावर एकोणीस ओळी.

त्यानंतर पाठीचा कणा पाहावा. कण्यावरून जाणारी खवल्यांची एक ओळ बाकीच्या ओळींपेक्षा ठळक मोठी आणि खवले षटकोनी असतील, तर मण्यारीची शंका घ्यावी. मग कात पालथी करून शेपटीखाली पाहावे. बहुतेक सापांच्या शेपटीखाली खवल्यांच्या जोड्या असतात, मधोमध नागमोडी रेघ असलेल्या. मण्यारीच्या शेपटीखाली एकेकच खवला असतो, रेघ नसते. घरांमध्ये पाली खायला येणारा कवड्या साप हुबेहूब मण्यारीसारखा दिसतो आणि त्याच गैरसमजापायी मारला जातो. त्याच्या कण्यावरचे खवले मोठे नसतात आणि शेपटीखाली जोड्या असतात. कातीवर या दोन खुणा पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि शेजारी कवड्या आहे की मण्यार, हे कळण्याइतके दुसरे काहीही त्या घराला महत्त्वाचे नसते.

उरतात धामण आणि नाग, आणि बागेत मोठी कात सापडली की भीती या दोघांभोवतीच फिरते. दोघांच्याही डोक्यावर मोठ्या ढाली असतात, दोघांच्या शेपटीखाली जोड्या. ओळी मोजल्या की फरक कळतो: धामणीच्या अंगाच्या मध्यावर साधारण सतरा, तर नागाच्या एकवीस ते पंचवीस. नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला मोठा असून तो नाकपुडी आणि डोळा दोन्हींना टेकतो. सहा फुटांच्या पुढची कात असेल तर ती बहुतेक धामणीचीच असते. धामण बिनविषारी आहे. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते किंवा म्हशीच्या नाकात शेपटी घालते, या गोष्टी कितीही वेळा सांगितल्या गेल्या तरी खऱ्या नाहीत. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. उंदीर-घुशी मात्र ती बिळात शिरून खाते, आणि धान्य साठवणाऱ्या घराला याहून उपयोगी शेजारी मिळणे कठीण. ओळखताना शंका उरली तर कातीचे स्वच्छ फोटो, डोक्याचे, मध्यभागाचे आणि शेपटीखालचे, जाणत्या सर्पमित्राला दाखवावेत.

ओळख पटल्यावर पुढचा प्रश्न साप पकडून न्यायचा की नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार साप मारणे, विनापरवाना पकडणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. घरात शिरलेल्या सापासाठी वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. बागेत नुसती कात सापडली असेल, तर पकडायला काही नसते. बिनविषारी साप असेल तर त्याला राहू द्यावे. तो नेऊन दूर सोडला तरी उंदीर जागेवरच राहतात आणि रिकामी झालेली जागा दुसरा साप घेतो, तो कदाचित नागही असेल. अनोळखी रानात नेऊन टाकलेला सापही तिथे सहसा नीट जगत नाही.

उपाय सापावर नव्हे, जागेवर करायचा असतो. विटा, पॅलेट, फांद्या यांचे ढीग भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उचलून ठेवावेत. उघड्या ड्रेनेजला जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी आणि भिंतीतल्या उंदरांच्या बिळांना सिमेंट लावावे. खरकटे झाकलेल्या डब्यात टाकावे. खिडकीला टेकलेल्या वेली छाटाव्यात. भोवती कार्बोलिक पावडर किंवा फिनेल ओतल्याने साप येत नाही हा समज गावोगाव आहे, पण त्यावर विसंबणे म्हणजे केवळ मनाचे समाधान. शेजारचा प्लॉट पडीक असेल तर त्याच्या मालकाशी भांडण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी मिळून पावसाळ्याआधी गवत काढणे कामाचे ठरते, कारण कंपाउंडची भिंत उंदरांना आणि सापांना अडवत नाही. निघोज्याच्या चाळींमध्ये, जिथे पाळीवरून परतलेले कामगार जमिनीवरच अंथरूण टाकतात, तिथे मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचून झोपणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक बचाव आहे. तो प्रामुख्याने मण्यारीसाठी. ती रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते.

या काळजीमागे आकडे आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षे सर्पदंशाचे रुग्ण बरे करत आणि गावागावांत जाऊन लोकांना समजावत आले आहेत. मृत्यू टाळता येतात, हे अशा कामातून दिसते.

दंश झालाच तर जखम कापणे, विष चोखणे, दोरी आवळून बांधणे, मंत्र-मुळ्यांत वेळ घालवणे, यातले काहीही करू नये. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढावेत, कारण सूज आली की ते रुतून बसतात. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये, आणि १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पदंशावरचे उपचार मिळतील अशा जवळच्या रुग्णालयात न्यावे. निघोज्याला चाकणचे ग्रामीण रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय जवळ आहे. सापाचा शोध घेत बसू नये, मेलेला साप पिशवीत घालून नेण्याचीही गरज नाही. भारतातले प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. मुंबईत परळला १८९९ मध्ये सुरू झालेल्या हाफकिन संस्थेची यात जुनी आणि मोठी कामगिरी आहे. घोड्यांना विष टोचून मग त्यांच्या रक्तातून घेतलेल्या प्रतिद्रव्यांपासून हे औषध तयार होते. लहान मुलालाही ते मोठ्या माणसाइतकेच द्यावे लागते, कारण सापाने टोचलेले विष माणसाचे वय पाहून कमी होत नाही.

घोणशीचे विष रक्त गोठू देत नाही. म्हणून रुग्णालयात रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी केल्यावर रक्त पातळच वाहिले, तर विष भिनल्याचे स्पष्ट होते. मण्यारीच्या दंशात मात्र सूज नसते, दुखतही नाही, कधी दातांच्या खुणाही सापडत नाहीत. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने, घसा अडकल्यासारखा वाटून किंवा पापण्या जड होऊन उठला, तर ते अपचन समजून सोडा देऊ नये. बागेत नुकतीच मण्यारीची कात सापडली असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावी.